प्लगिन अडलं, अडकलं की अडवलं?

महापेकर : कंपनीतल्या लोकांसाठी मराठीत मदतपत्रक लिहायचं आहे. विषय असा, की घरी नीट चालणारं ब्राउझरचं प्लगिन ऑफिसच्या नेटवर्कवर चालत नाही. तक्रारीत सगळे ‘प्लगिन ब्लॉक झालंय’ एवढंच लिहितात. ‘ब्लॉक’ला नेमका शब्द कोणता? आणि ‘प्लगिन’ बरोबर की ‘एक्स्टेंशन’?

वागळे इस्टेट : ‘ब्लॉक’ला एकच शब्द शोधू नका. आपल्याकडे अडवणं, अडणं आणि अडकणं अशी तीन क्रियापदं आहेत आणि बिघाडही तीन जातींचे आहेत.

‘अडवलं’ म्हणजे अडवणारा कोणीतरी आहे. पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पॉलिसी असं इंग्रजीत टाइप करा. ‘एक्स्टेंशन इन्स्टॉल ब्लॉकलिस्ट’समोर नुसता तारा (*) असेल, तर ॲडमिननं सगळीच प्लगिनं बंद ठेवली आहेत. मग आपल्या प्लगिनचा आयडी ‘अलाउलिस्ट’मध्ये घालून घ्यावा लागतो. हा आयडी ३२ अक्षरांचा असतो, त्यात इंग्रजी ए ते पी एवढीच अक्षरं येतात. आकडा दिसला तर आयडी उतरवताना चूक झाली आहे. प्रॉक्सी, म्हणजे ऑफिस आणि इंटरनेट यांच्यामधला सर्व्हर, तीसुद्धा अडवते. तिनं एचटीटीपीएसची वाट नाकारली की क्रोम ४०३ हा नकाराचा कोड दाखवत नाही, ‘टनल कनेक्शन फेल्ड’ दाखवतो. त्यामुळे ४०३ शोधत बसलेल्याला काहीच सापडत नाही.

‘अडलं’ म्हणजे कशावाचून तरी. पैशावाचून काम अडतं, तसं नाव-पासवर्डावाचून प्लगिन अडतं. याचा कोड ४०७. पडद्यामागून जाणाऱ्या विनंतीसाठी पासवर्डाची चौकट समोर येईलच असं नाही. आधी साध्या टॅबमध्ये बाहेरची एखादी साइट उघडा, तिथं नाव-पासवर्ड द्या आणि मग प्लगिन बंद करून पुन्हा चालू करा.

‘अडकलं’ म्हणजे कोणी नाही म्हणत नाही आणि होही म्हणत नाही, घोडबंदर रोडवरच्या गाडीसारखं. फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची राखण करणारी यंत्रणा, माहितीची पाकिटं गुपचूप टाकून देते आणि शेवटी ‘टाइम्ड आउट’ येतं. तिनं स्पष्ट नकार दिला तर ‘रिफ्यूज्ड’ येतं, ते पुन्हा ‘अडवलं’च्या खात्यात.

ऐरोली : मांडणी पटली, पण चौथं क्रियापद राहिलं, ‘ओळख पटत नाही’. पुष्कळ कंपन्यांची प्रॉक्सी येणारा मजकूर उघडून तपासते आणि पुन्हा बंद करून स्वतःचा शिक्का मारते. त्या शिक्क्याचं मूळ सर्टिफिकेट मशीनवर नसेल तर ‘सर्ट ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ येतं. क्रोममध्ये चालतं आणि फायरफॉक्समध्ये नाही, असं झालं तर पहिला संशय इथंच घ्यावा, कारण फायरफॉक्स विश्वासाच्या सर्टिफिकेटांची स्वतःची यादी वेगळी ठेवतो. १२०व्या आवृत्तीपासून (२०२३) विंडोज आणि मॅकवर तो सिस्टिममधली सर्टिफिकेटंही घेतो. त्याआधीच्या आवृत्तीत ‘अबाउट कॉन्फिग’मध्ये जाऊन ‘सिक्युरिटी डॉट एंटरप्राइज अंडरस्कोर रूट्स डॉट इनेबल्ड’ ही नोंद ‘ट्रू’ करावी लागते.

घणसोली : पत्रकात आणखी एक वाक्य हवंच. प्लगिनच्या विनंत्या पानाच्या डेव्हलपर टूल्समधल्या ‘नेटवर्क’ टॅबमध्ये शोधू नका. एक्स्टेंशनच्या पानावर ‘डेव्हलपर मोड’ चालू करा, त्या प्लगिनखालच्या ‘सर्व्हिस वर्कर’वर क्लिक करा. जी खिडकी उघडते तिच्यात खरा कोड दिसतो. निम्म्या तक्रारी कोडाविना येतात त्या याचमुळे.

आता ‘प्लगिन’ या शब्दाबद्दल. काटेकोर अर्थानं प्लगिन म्हणजे फ्लॅश, जावा अशी ब्राउझरला बाहेरून जोडलेली यंत्रणा. क्रोमनं तो जुना मार्ग २०१५मध्ये ४५व्या आवृत्तीत बंद केला, फ्लॅशची मुदत ३१ डिसेंबर २०२०ला संपली. आज बसवतो ती एक्स्टेंशनं. तरी बोलण्यात ‘प्लगिन’ रुळला आहे, तो काढू नये. शीर्षकात ‘प्लगिन’ ठेवा आणि बटणाचं नाव सांगताना ‘एक्स्टेंशन’ लिहा, नाहीतर माणूस मेनूत भलतंच शोधत बसेल. ‘विस्तारक’ नको, तो शब्द पडद्यावर कुठं दिसणार नाही.

महापेकर : आणि सर्टिफिकेटला ‘दाखला’ चालेल का?

ऐरोली : मला ‘दाखला’ आवडतो. तहसील कचेरीतला दाखलाही कोणी दिला यावरच खरा ठरतो, आणि इथंही देणाऱ्यावरच सगळं आहे. पण ‘बसवायचा’ म्हटलं की वाचणारा बिचकेल. म्हणून पहिल्यांदा ‘सर्टिफिकेट, म्हणजे दाखला’ असं एकदा लिहून पुढं सर्टिफिकेटच वापरा.

वागळे इस्टेट : ‘बसत नाही’ हेही ‘चालत नाही’पासून वेगळं काढा. स्टोअर उघडतं पण प्लगिन उतरतच नाही, तेव्हा क्लायंट्स२ डॉट गूगल डॉट कॉम आणि क्लायंट्स२ डॉट गूगलयूजरकंटेंट डॉट कॉम हे दोन पत्ते मोकळे आहेत का, ते नेटवर्कवाल्यांना विचारायचं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ताडून पाहणार असाल तर आधी परवानगी घ्या, आणि व्हीपीएन, म्हणजे बाहेरूनही कंपनीच्या नेटवर्कशी जोडून देणारी सोय, बंद आहे ना ते बघा. ते चालू असलं तर सगळं पुन्हा कंपनीच्याच प्रॉक्सीतून जाऊ शकतं आणि चाचणीला अर्थ राहत नाही.