'अलर्ट'ला मराठीत काय म्हणावं?

लातूरकर: अमेरिकेतल्या नर्सिंगच्या एका पाठाचं मराठी करायलोय. तिकडं अफूच्या जातीच्या (दुखण्यावरच्या) गोळ्या कुणी कुणाला किती दिल्या याची राज्याराज्यात नोंद ऱ्हाते, अन दोन डॉक्टरांकडून घेतल्या किंवा सोबत झोपेची गोळी चालू असली की डॉक्टरच्या स्क्रीनवर अलर्ट येतो. मी 'इशारा' लिहिलं, तर भाचा (डॉक्टर हाय) म्हणला, मामा, यानं पेशंट चोरच ठरतो की.

परभणीची मावशी: 'सूचना' लिहा. इशारा वेधशाळेनं द्यावा.

मेडिकलवाला, नांदेड: सूचना कोण वाचतंय? आमच्याकडं 2014 पासून एच-वनचं (कडक नोंदीच्या औषधांच्या यादीचं) रजिस्टर हाय, अल्प्राझोलाम (झोपेची-चिंतेची गोळी) दिलं की पेशंट, डॉक्टर, किती दिलं सगळं लिहून 3 वर्षं सांभाळायचं, पण शेजारच्या दुकानातून त्यानं काय नेलं ते मला कसं कळावं?

हाडाचा डॉक्टर: भाच्याचं बरोबर हाय. अलर्टचा अर्थ 'जरा बघा' एवढाच. दोन डॉक्टर दिसले तरी एक हाडाचा अन एक दाताचा असू शकतो, कॅन्सरवाल्याचा डोस मोठाच असणार, म्हणून आधी पेशंटला विचारायचं. सीडीसीचं (अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेचं) 2022 चं मार्गदर्शन सुद्धा अफूच्या गोळीचा रोजचा डोस, तेवढ्याच जोराच्या मॉर्फिनच्या हिशोबात, 50 मिलिग्रॅमच्या वर न्यायच्या आधी विचार करा म्हणतं, देऊच नका म्हणत नाही. अफू अन झोपेच्या गोळीची जोडी मात्र वाईट, श्वासच मंदावतो. पण अलर्ट बघून घाबरून चालू गोळी एकदम तोडणं त्याहून कमी वाईट नाही. अन दिवसभर सारखे अलर्ट आले की माणूस न वाचताच क्लिक करतो, मग इशारा लिहा नाहीतर नगारा वाजवा.

शुद्धलेखक: 'सावधसूचना' हा नेमका शब्द असताना एवढी चर्चा कशाला?

परभणीची मावशी: तेवढं म्हणेस्तोवर पेशंट घरी जाईल.

उदगीरकर: 'इत्तला'! आजोबा निजामाच्या काळात पटवारी होते, कायम म्हणायचे. नुसती खबर, आरोप नाही.

शुद्धलेखक: अरबी आहे तो.

उदगीरकर: हौ, अन 'खबर', 'तारीख', 'हजर' काय पैठणहून आले?

लातूरकर: बरं, 'हाय-रिस्क' गोळीला 'धोकादायक' चालंल का?

परभणीची मावशी: 'जोखमीची' लिहा. आजी अंगावरच्या सोन्याला जोखीम म्हणायची, एसटीत बसली की पदर घट्ट. जपून ठेवायची वस्तू, टाकून द्यायची नव्हं.

उदगीरकर: जोखीम 'जोखणे'वरूनच आलं असंल, तराजूत जोखतात ते.

शुद्धलेखक: पुरावा?

मेडिकलवाला: औषध जोखूनच देतो आम्ही, अजून कसला पुरावा.

शुद्धलेखक: 'तराजू'ही फारसीच बरं का.