ठगांवरच्या रहस्यकादंबरीत माफीच्या साक्षीदारावर विश्वास ठेवायचा का?

रानवाट

ठगांच्या, म्हणजे वाटसरूंशी गोड बोलून रुमालाने गळा आवळणाऱ्या लुटारू टोळ्यांच्या, काळावर बेतलेली साहसकादंबरी हातात घेतली की माझं घोडं दर वेळी एकाच जागी अडतं. साहेब धाडसी, जंगल घनदाट, इथवर ठीक. पण पकडलेला ठग चौथ्या प्रकरणात पोपटासारखा बोलू लागतो, तो दाखवेल तिथे खणलं की सांगाडे निघतात आणि उरलेली दोनशे पानं नुसता पाठलाग. याला गुप्तहेरकथा म्हणायचं?

१८३० नंतर विल्यम स्लीमन या कंपनी सरकारच्या इंग्रज अधिकाऱ्याने जबलपूर भागातून ठगांविरुद्ध जी मोहीम चालवली, तिचा सगळा डोलारा माफीच्या साक्षीदारांवर उभा होता. फास टाळायचा असेल तर साथीदार दाखवून द्यायचे. त्यात १८३६ चा ३० वा कायदा आला. ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं की जन्मठेप. कोणाला मारलं, कधी, कुठे, हे दाखवायची गरजच उरली नाही. आता अशा साक्षीदाराने जुनं वैर काढायला शेजारच्या गावातल्या एखाद्याचं नाव घेतलं तर? खरं रहस्य मला तिथे दिसतं. जो लेखक आपल्या साक्षीदारावर संशय घेत नाही, त्याची कादंबरी म्हणजे मीठमसाला लावलेला सरकारी अहवाल.

तिरकस

सांगाडेही खोटेच होते का?

हल्ली फॅशनच झाली आहे, ठग म्हणजे साहेबाच्या डोक्यातलं भूत. इतिहासकार झियाउद्दीन बरनीने सुलतान जलालुद्दीन खिलजीच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकाच्या शेवटी, दिल्लीत पकडलेल्या हजारभर ठगांची हकीकत लिहून ठेवली आहे. तेव्हा कुठला साहेब होता?

स्लीमननेही एकाच्या बोलण्यावर कोणाला लटकवलं नाही. अनेकांच्या जबान्या ताडून पाहिल्या, ठगांच्या वंशावळी मांडल्या, खुनाच्या जागा नकाशावर आणल्या. स्कॉटलंड यार्डची गुप्तहेर शाखा १८४२ ची. कलकत्त्याचं बोटांच्या ठशांचं कार्यालय १८९७ चं. त्याआधी कागद आणि स्मरणशक्ती यांवर एवढा तपास उभा करणारा माणूस गुप्तहेर नाही, तर मग कोण आहे? नायक आयता हजर असताना नाकं कशाला मुरडायची?

रानवाट

ताडून पाहिल्या, मान्य. पण कोणाशी? दुसऱ्या माफीच्या साक्षीदाराशी. दोघंही एकाच साहेबाच्या कैदेत आणि दोघांनाही ठाऊक की साहेबाला काय ऐकायचं आहे.

जुनी पोथी

दोघांनीही मूळ पुस्तक चाळलेलं दिसत नाही. या विषयावरची गाजलेली पहिली कादंबरी १८३९ ची, ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’. फिलिप मेडोज टेलर निजामाच्या चाकरीत होता, त्याने लिहिली. त्यात साहेब जवळजवळ गप्पच आहे. अमीर अली नावाचा माफीचा साक्षीदार स्वतःच सगळं सांगतो, ७१९ खुनांची कबुली देतो, आणि त्यातही आपण किती दिलदार, किती रुबाबदार हे सांगायला विसरत नाही. म्हणजे रानवाट यांना हवा तो बेभरवशाचा निवेदक पावणेदोनशे वर्षांपूर्वीच लिहून झाला आहे. टेलरला स्वतःला तो तसा वाटत होता का, हा वेगळा प्रश्न. मला नाही वाटत.

अवांतर: ठगांच्या बोलीला रामसी म्हणत. स्लीमनने १८३६ मध्ये तिचा कोशच छापला. वाटसरूंना गोड बोलून जाळ्यात ओढणारा तो सोथा, गळा आवळणारा भुर्तोट, खड्डा खणणारा लुघा. कामाची ही वाटणी पाहिली की संघटित गुन्हेगारी हा शब्द चपखल बसतो.

माळरान

तुमची चर्चा रंगली आहे, पण कोणाच्या जिवावर?

मराठीत भामटा ही शिवी आहे. ते एका जमातीचं नाव आहे, विमुक्तांच्या यादीत आजही आहे. अमुक घरात जन्मला म्हणजे गुन्हेगार, हा विचार ठगांच्या वंशावळी मांडतानाच रुजला. मग १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. माझ्या आजोबांचं बालपण सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड गेलं. हजेरी चुकली की शिक्षा. ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटका झाली, म्हणे. तुम्हाला वंशावळीत हुशारी दिसते, मला ते कुंपण दिसतं. भवानीला रक्त वाहणारे काळे राक्षस असली कादंबरी आणखी एक नको.

तिरकस

माळरान, तुमच्या आजोबांबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. पण चाळीस वर्षांनंतरच्या कायद्याचं पाप १८३० च्या तपासावर कसं टाकणार? वाटेत मारल्या गेलेल्यांनाही घरदार होतंच. त्यांची बाजू कोणीच मांडत नाही.

जुनी पोथी

यात गंमत अशी की टेलरचा अमीर अली जन्माने ठग नाहीच. त्याच्या आईबापांना ठगांनी मारलं आणि पोराला त्यांच्यातल्याच एकाने वाढवलं. मारलेल्यांची लहान मुलं ठेवून घेतल्याचे उल्लेख जबान्यांतही येतात. टोळ्यांत हिंदू होते, मुसलमान होते, वेगवेगळ्या जातींचे होते. म्हणजे रक्ताचा सिद्धांत साहेबाच्याच कागदांत फाटतो, तरी तो पुढे टिकला. माळरान यांचा राग मला पटतो. कादंबरीच नको, हे पटत नाही.

पेढीवाला

सगळे रुमालवाल्याभोवतीच फिरताय. पैसा कुठे जात होता ते बघा की!

त्या काळात माळव्यातल्या अफूच्या व्यवहारासाठी मुंबईच्या पेढ्यांची रोकड खानदेशातून इंदूरकडे जायची. नेणारे साध्या वेशात, दागिने आणि नाणी अंगावर लपवलेली. ठगांच्या नजरेला ते बरोबर पडत. इकडे चंबळकाठी शिंद्यांच्या अमलात ठगांच्या घरांवर वेगळी पट्टी बसवलेली होती, आणि लुटीतला वाटा जमीनदारांनाही पोचायचा. पट्टी घेणारा तो संघटित गुन्हेगार, की पोटासाठी मोसमात बाहेर पडणारा? १८१८ नंतर फौजा मोडल्या, शिपाई रिकामे झाले, तेही यात आले असणारच.

माझा नायक साहेब नको आणि ठगही नको. पेढीचा गुमास्ता घ्या. रोकड पोचली नाही, माणसं परतली नाहीत. त्याच्याकडे फक्त वही आहे आणि हुंडी कुठे वटली याचा माग. लुटीची मोहोर कोणत्या सराफाकडे मोडली इथून सुरू करून तो थेट जमीनदाराच्या ओसरीवर पोचतो.

माळरान

हे मी वाचेन.

रानवाट

मीही. माझी हरकतच मिटली. वही कोणाला घाबरून खोटं बोलत नाही.

पेढीवाला

पेढीची वही खोटं बोलत नाही? कधी पेढीवर बसला नाहीत वाटतं.

तिरकस

गुमास्ता चालेल मला. पण त्याला मोडी येते, रामसी येत नाही. खुनाच्या जागेवर जाऊन तिथल्या लोकांत मिसळायचं तर बरोबर कोणीतरी जाणता हवा. तो कुठून आणणार? पुन्हा तोच माफीचा साक्षीदार.