उन्हाळी ऑर्गन महोत्सव: कॅथेड्रल तापलं की ट्रम्पेट बेसूर होतो, काय करावं?

सोळाफुटी:

एका जुन्या कॅथेड्रलमधल्या उन्हाळी ऑर्गन महोत्सवाची तांत्रिक बाजू आखायची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्याला एक अशा आठ मैफली, सगळ्या रात्री आठला. ऑर्गन म्हणजे नळ्यांचा, पाइप ऑर्गन; संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा तो नव्हे. वाद्य पश्चिमेच्या सज्ज्यावर आहे. तीन मॅन्युअल (हाताने वाजवायचे पट्ट्यांचे संच), प्रत्येकी ५६ पट्ट्या, पेडलला (पायाने वाजवायच्या संचाला) ३०, एकूण ४२ स्टॉप, म्हणजे ओढून चालू करायच्या नळ्यांच्या रांगा. त्यांत रीडचे (पितळी जिभेच्या नळ्यांचे) नऊ: सात मॅन्युअलवर, दोन पेडलवर. पट्ट्या आणि स्टॉप दोन्ही यांत्रिक, स्टॉपच्या जुळण्या साठवणारी मेमरी नाही.

मार्चमध्ये सगळं वाद्य १७ अंशांना ४४० हर्ट्झवर जुळवलं होतं. आता सज्ज्यावर २५ अंश आहेत, आणि ट्रम्पेट हा रीडचा स्टॉप ८ फुटी प्रिन्सिपल या मुख्य स्टॉपसोबत (फूट म्हणजे त्याच्या सगळ्यात लांब नळीचं माप) ओढला की ऐकवत नाही. रीड उतरलेत हे उघड आहे. आयोजकांत दोन मतं आहेत: सगळं वाद्य पुन्हा ४४० ला आणावं, किंवा दुपारभर दारं सताड उघडी ठेवून इमारत थंड करावी. ट्यूनरला नेमकं काय सांगायचं?

आणखी तीन प्रश्न. पाहुण्या वादकाला सरावाचे तास किती द्यावेत? एका मैफलीत ऑबो (फुंकून वाजवायचं, रीडचं वाद्य) आणि चार तंतुवाद्यं आहेत, त्यांनी कोणाशी सूर जुळवायचा? आणि श्रोत्यांची पाठ ऑर्गनकडे असल्यामुळे समोर पडद्यावर वादकाचे हात दाखवायचे आहेत, पण चाचणीत चित्र पुढे आणि आवाज मागे राहतो. तो कसा जुळवावा?


मंद्रसप्तक:

दोन्ही मतं बाजूला ठेवा. रीड उतरलेले नाहीत, बाकीचं वाद्य चढलंय. हे नीट कळलं की ट्यूनरला काय सांगायचं ते आपोआप ठरतं.

प्रिन्सिपल, फ्लूट, मिक्स्चर हे सगळे फ्लू पाइप, म्हणजे बासरीच्या जातीचे. त्यांत नळीतला हवेचा स्तंभ बोलतो. हवा तापली की तिच्यातून आवाज जास्त वेगाने जातो आणि तेवढ्याच लांबीच्या नळीतून चढा सूर निघतो. प्रमाण लक्षात ठेवा: एका अंशाला सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). १७ चे २५ झाले म्हणजे साधारण २४ सेंट, म्हणजे ४४० चा सूर ४४६ वर. धातूची नळी तापून लांब होते, त्याने सूर उतरायला हवा, पण तो फरक अर्ध्या सेंटच्या आत असतो. सोडून द्या.

रीडमध्ये सूर मुख्यतः ठरतो पितळी जिभेच्या थरथरणाऱ्या लांबीवर, हार्मोनियममध्ये ठरतो तसाच. हवेच्या तापमानाचं तिला फारसं सोयरसुतक नसतं. पूर्ण लांबीच्या कर्ण्याचा (जिभेवर बसवलेल्या नळीचा) ट्रम्पेट हवेमागे थोडासा सरकतो, आखूड कर्ण्याचा रीगल जवळजवळ मुळीच नाही. म्हणून नऊ रीडपैकी प्रत्येक जण वेगवेगळा बेसूर वाटेल. त्यात नवल नाही.

आता हिशेब करा. तुमच्याकडे रीडचे पाइप ७ × ५६ आणि २ × ३०, म्हणजे ४५२. फ्लू पाइप त्याच्या कितीतरी पट. थोड्यांनी बहुसंख्यांशी जुळवून घ्यायचं. फ्लूंना हात लावायचा नाही. जुन्या वाद्यात बरेच लहान पाइप शंकूने तोंड उमलवून किंवा मिटवून जुळवलेले असतात. दर उन्हाळ्यात ते खाली आणि दर हिवाळ्यात वर आणायचे म्हटलं, तर काही वर्षांत नळीची तोंडं फाटतात आणि खालचं पावलाचं टोक दबतं. ते नुकसान भरून निघत नाही.

ट्यूनरसाठी क्रम असा ठेवा:

मैफल रात्री आठला असेल तर ट्यूनिंग आदल्या संध्याकाळी त्याच वेळेला, त्याच दिव्यांत. सकाळी थंडाव्यात जुळवलेले रीड रात्री पुन्हा खालीच असतील. ब्लोअर (वारा पुरवणारा पंखा) तासभर आधी चालू करा, म्हणजे विंडचेस्ट (नळ्या उभ्या असतात ती वाऱ्याची पेटी) आणि वारा एका तापमानाला येतात. ब्लोअर हवा कुठून ओढतो तेही बघा. तो छपराखालच्या पोटमाळ्यात असेल तर सज्जा २५ अंशांवर असताना वारा ३० चा येऊ शकतो, आणि बोलणाऱ्या पाइपात शेवटी तोच वारा भरतो. शक्य असेल तर हवा ऑर्गनजवळूनच घेण्याची सोय करा.

थर्मामीटर तीन लागतील: एक पेडलच्या पाइपांत, एक मुख्य विभागाच्या (मुख्य मॅन्युअलच्या पाइपांच्या) उंचीवर, एक सगळ्यात वरच्या विभागात. गरम हवा वर साचते. वरचा विभाग खालच्यापेक्षा २ अंश गरम असेल तर तो आपोआप ६ सेंट वर असतो, आणि दोन मॅन्युअल जोडले की लाटा ऐकू येतात. हा दोष ट्यूनरचा नाही आणि त्याने तो दुरुस्तही करू नये. स्वेल बॉक्स (झडपा उघडून-मिटून आवाज कमी-जास्त करायची पेटी) असेल तर वाद्य बंद असताना त्याच्या झडपा उघड्या ठेवा. बंद पेटीत गरम हवा कोंडते.

मुख्य मॅन्युअलचा ऑक्टेव्ह ४ फुटी (प्रिन्सिपलच्या एक सप्तक वरचा स्टॉप) हा आधार. आधी तो स्वतःशी ठीक आहे एवढंच तपासायचं. मग एकेक रीड त्याच्याशी, एक माणूस पट्टी धरून आणि एक आत. जिभेवर दाबून बसणारी तार खाली ठोकली की थरथरणारा भाग आखूड होतो आणि सूर चढतो. वर ओढली की उतरतो. उन्हाळ्यात सगळीकडे तार किंचित खाली जाणार. टिपेच्या नळ्यांना हलकीशी टिचकीही पुरते. तार खाली नेल्यावर आवाज चिरका, बारीक झाला किंवा पाइप उशिरा बोलू लागला तर तिथेच थांबा. याचा अर्थ कर्णा आणि जीभ यांचं जमेनासं झालंय. मग कर्ण्याच्या वरच्या खाचेची पट्टी थोडी उघडावी लागते. ते काम ट्यूनरवर सोडा, त्याला घाई लावू नका.

पाइप हाताने धरायचा नाही. तळहाताच्या उबेने तो लगेच चढतो आणि हात काढला की परत येतो. पहिल्या वेळी नऊ रीडना चार तास धरा. पुढे दर मैफलीआधी तास-दीड तास पुरेल.

महोत्सव संपला की सप्टेंबरअखेर रीड परत खाली. हे आत्ताच करारात लिहून घ्या, नाहीतर ते राहूनच जातं.


खडीसाखर:

मंद्रसप्तक यांच्याशी सहमत. फक्त दारांबद्दल मी जास्त कडकपणे सांगेन, कारण बेसूर रीड तासाभरात सुधारतो, बुरशी सुधारत नाही.

जुन्या दगडी इमारतीच्या भिंती उन्हाळ्याच्या सुरुवातीला अजून थंड असतात, समजा १८ अंश. बाहेर २८ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू सुमारे २२ अंश. ती आत सोडली की भिंतींवर पाणी सुटणारच. तीच ओल ऑर्गनच्या मागच्या, वारा न खेळणाऱ्या कोपऱ्यात साठते. आर्द्रता आठवडेच्या आठवडे ७० टक्क्यांवर राहिली की लाकडी पाइपांवर, चामड्यावर आणि पट्ट्यांखालच्या बनातीवर पांढरी बुरशी धरते.

नियम सोपा आहे: बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा खाली असेल तरच उघडा. आत १९ अंश आणि ६० टक्के असेल तर दवबिंदू ११. पहाटे बाहेर १५ अंश आणि ७० टक्के असेल तर दवबिंदू साडेनऊ अंशांच्या आसपास, म्हणजे तेव्हा उघडायला हरकत नाही. दुपारी नाही. आर्द्रता ४५ ते ६५ टक्क्यांत ठेवा आणि, मुख्य म्हणजे, ती झपाट्याने बदलू देऊ नका. फार कोरडं झालं तर विंडचेस्टला बारीक भेगा जाऊन वारा शेजारच्या पाइपात झिरपतो आणि न दाबलेला सूर हळू कुजबुजतो. फार दमट झालं तर स्लायडर (स्टॉपबरोबर सरकणारी लाकडी पट्टी) फुगून स्टॉप ओढताना अडकतो. वादकाने जोर लावून ओढला की जोडकाम तुटतं.

उष्णतेचा दुसरा स्रोत तुम्ही स्वतः आणता. बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो. ६०० श्रोते म्हणजे ६० किलोवॅट, आणि ती हवा चढून सज्ज्याकडेच जाते. चित्रीकरणाचे मोठे दिवे ऑर्गनच्या दर्शनी पाइपांवर मारू नका. थंड एलईडी लावा, तेही वादकापुरते.


पेडलपट्टी:

सरावाबद्दल. मेमरी नसलेल्या तीन मॅन्युअलच्या वाद्यावर पाहुण्याला किमान आठ तास द्या, दोन रात्रींत विभागून, इमारत बंद असताना. पहिले दोन तास एकही रचना पूर्ण वाजत नाही. वादक एकेक स्टॉप ऐकतो आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे कुठे कोणते स्टॉप ओढायचे ते, ठरवतो. मग स्टॉप ओढायला दोन मदतनीस, डावीकडे एक, उजवीकडे एक, दोघांकडे खुणा केलेली स्वरलिपी. पूर्ण तालमीला ते दोघे हवेतच. शेवटच्या तासात एक जाणता कान खाली मध्यभागी बसवा. सज्ज्यावर वादकाला तोल कधीच खरा ऐकू येत नाही: पाठीमागचा विभाग कानात ओरडतो आणि पेडल हरवतो. रिकाम्या इमारतीत मिक्स्चर झगझगीत वाटतं. श्रोते आले की वरचे स्वर कपड्यांत शोषले जातात, म्हणून तालमीत ते काढून टाकायची घाई नको.

पण त्याही आधी, निमंत्रणासोबतच, वाद्याची पूर्ण माहिती पाठवा: स्टॉपची यादी, पट्ट्यांचा विस्तार, स्वेल आहे की नाही, मूळ सूर, टेंपरामेंट (सप्तकातले स्वर जुळवण्याची पद्धत). इथे चूक झाली की कार्यक्रमच बदलावा लागतो. जर्मनीत सॅक्सनीतल्या फ्रायबर्गच्या कॅथेड्रलमधला, गॉटफ्रीड झिल्बरमनने घडवलेला १७१४ चा ऑर्गन घ्या. तीन मॅन्युअल, ४४ स्टॉप, अप्रतिम वाद्य. पण तळाचा सी शार्प नाही, पेडल वरच्या सीपर्यंतच, स्वेल नाही, आणि सूर ४७६ च्या आसपास, म्हणजे ४४० पेक्षा अर्ध्या स्वराहूनही वर. बाखची एफ मेजर टोकाटा (त्याच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही ५४०) पेडलवर वरच्या एफपर्यंत जाते. तिथे ती लिहिली तशी बसत नाही. तुमच्या ३० पट्ट्यांवर नेमकी बसते. सीझार फ्रांक या एकोणिसाव्या शतकातल्या संगीतकाराच्या रचनांना स्वेलशिवाय हात लावण्यात अर्थ नाही. उलट लाटव्हियातल्या रीगा कॅथेड्रलचा, वाल्कर कंपनीने घडवलेला १८८४ चा ऑर्गन, १२४ स्टॉप आणि ६,७१८ पाइपांचा, अशा संगीतासाठीच घडलेला आहे. वाद्य आधी, कार्यक्रम नंतर.

कार्यक्रम ६० ते ७० मिनिटांचा, मध्यंतराशिवाय. तासाचे टोल आणि मैफल यांची गाठ पडू नये म्हणून तेवढा वेळ घड्याळाच्या घंटा बंद ठेवता येतात का, हे घंटाघर सांभाळणाऱ्यांना विचारा. मंद, हळुवार रचना बरोबर नऊला येऊ देऊ नका.


सोळाफुटी:

फार उपयोगी. ट्यूनरला आता फक्त रीड, तेही संध्याकाळीच, असं कळवतो. ऑबो आणि पडदा राहिले. आणि मैफलीत एखादा सूर अडकून वाजतच राहिला तर?


मंद्रसप्तक:

ऑबो: वाद्यवृंदाला सूर देण्याचा मान एरवी ऑबोचा, इथे ऑर्गनचा. ऑर्गन त्या संध्याकाळी जिथे असेल तिथे, कदाचित ४४६. तंतुवाद्यांना ते सोपं आहे. ऑबोला ४४६ फार वर आहे. वादकाला आत्ताच कळवा, म्हणजे नेहमीच्या ४७ मिलिमीटरऐवजी ४६ किंवा ४५ च्या स्टेपलवर (रीड जिच्यावर बांधतात ती छोटी नळी) बांधलेल्या रीड तो तयार ठेवेल. त्याच दिवशी सांगितलंत तर त्याच्या हातात काही उरत नाही. ही मैफल महोत्सवातल्या सगळ्यात थंड आठवड्यात टाकता आली तर उत्तमच. सूर प्रिन्सिपल ८ फुटीवरून द्या, श्रोते आत येऊन बसल्यावर, ट्रेम्युलंट (आवाजाला कंप देणारी यंत्रणा) बंद ठेवून. आणि त्या पाच जणांना सज्ज्यावरच बसवा. खाली वेदीजवळ बसवून ६० मीटर अंतर ठेवलंत तर आवाज पोचायला ०.१७ सेकंद लागतात, आणि जलद भागात कोणीच कोणाबरोबर राहत नाही.

पडदा: तीच गोष्ट. ऑर्गनपासून ४० मीटरवर आवाज सुमारे ११७ मिलिसेकंदांनी पोचतो, चित्र लगेच दिसतं. चित्रच उशिरा दाखवा: २५ फ्रेमच्या चित्रात तीन फ्रेम म्हणजे १२० मिलिसेकंद. प्रोजेक्टर स्वतः थोडा उशीर करतोच, तो यातून वजा. सगळ्या रांगांना एकच आकडा जुळणार नाही, म्हणून मधल्या रांगा धरा. पुढच्या रांगांसाठी लाउडस्पीकरवर ऑर्गन सोडायचा मोह टाळा, दोन आवाज एकमेकांत मिसळून सगळाच गढूळ होतो.

चांगल्या जागा विचारल्या नाहीत तरी सांगतो. सज्ज्याच्या थेट खालच्या रांगा विकू नका, तिथे थेट आवाजच येत नाही. मधल्या दालनाचा, सज्ज्यापासून एक तृतीयांश ते अर्ध्या लांबीपर्यंतचा पट्टा सगळ्यात स्पष्ट.


खडीसाखर:

अडकलेला सूर: आधी वादकाने ती पट्टी दोन-तीनदा जोरात दाबून सोडावी. पॅलेटखाली (त्या पट्टीने उघडणाऱ्या वाऱ्याच्या झडपेखाली) कचऱ्याचा कण असेल तर बहुतेकदा उडतो. नाही गेला तर कपलर (मॅन्युअल एकमेकांना जोडणारी यंत्रणा) काढून कोणत्या मॅन्युअलचा आहे ते ठरवा, मग त्या मॅन्युअलचे स्टॉप एकेक बंद करा. ट्रॅकर वाद्यात (पट्टी आणि पॅलेट यांना बारीक काड्या, म्हणजे ट्रॅकर, जोडतात अशा) पॅलेट उघडा राहिला असेल तर ओढलेला प्रत्येक स्टॉप त्या सुरावर बोलतो, म्हणून एक स्टॉप बंद करून भागत नाही. तेव्हा तो विभाग सोडून दुसऱ्या मॅन्युअलवर जायचं, किंवा दोन रचनांच्या मध्ये आत जाऊन त्या पट्टीच्या ट्रॅकरचं चामडी बटण तपासायचं. दमट दिवशी ट्रॅकर मार्गदर्शक फळीत घासून अडतो, हेही कारण असतं. त्यासाठी ट्यूनर निदान पहिल्या दोन मैफलींना सज्ज्यावर हवा, हातात टॉर्च घेऊन आणि पायांत आवाज न करणारे बूट घालून.