मदत हवी आहे: शिवणातून उरलेल्या तुकड्यांची गोधडी, नमुन्याची मापं कशी बदलू?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

देवगडहून लिहितेय. माझ्या सासूबाईंनी गावात बरीच वर्षं शिवणकाम केलं. ब्लाउज, परकर-पोलकी, शाळेचे गणवेश, बाळंतविड्यातली झबली-टोपडी, सगळं. आता नजर साथ देत नाही म्हणून मशीन मी चालवते. त्यांनी एक चिंधी कधी फेकली नाही. माळ्यावरच्या ट्रंका उघडल्या तर नुसते तुकडे, गाठोडी बांधून ठेवलेले. यातलं काही वाया जाऊ द्यायचं नाही आणि नवीन कापड अजिबात विकत घ्यायचं नाही, असं मी ठरवलंय. मुलीच्या पलंगासाठी साधारण ६० बाय ९० इंचांची गोधडी करायची आहे.

आमच्याकडची नेहमीची गोधडी मला येते. जुन्या साड्यांचे थर, वरून ठिगळं, मग धावदोरा. पण मुलीला एक चांदणीचा नमुना फार आवडलाय. तीन ओळी, तीन रांगा, म्हणजे एकूण नऊ घरं. मधलं घर चांदणीच्या रंगाचं, चार कोपरे फिक्या रंगाचे, आणि उरलेल्या चार घरांत अर्धा फिका, अर्धा गडद त्रिकोण. तिच्यासाठी हाच करावा असं मनात आहे.

अडचण मापांची आहे. त्या नमुन्यात ब्लॉक, म्हणजे नऊ घरांचा अख्खा चौकोन, १२ इंचांचा आणि एकेक घर साडेचार इंच कापायचं. माझ्याकडे साडेचार इंचांचा अखंड चौकोन निघेल असे तुकडे थोडेच. ब्लाउजच्या मुंढ्याचे वेडेवाकडे तुकडे भरपूर, परकरांच्या लांब अरुंद पट्ट्या तर ढिगानं. सगळी मापं निम्मी केली तर चालेल का? आणि त्या पट्ट्यांचं काय करू? कापडही सगळ्या जातीचं आहे: टू बाय टू, पॉपलीन, वॉयल, गणवेशांचं टेरिकॉट, थोडे खणाचे तुकडे. सगळं एकत्र शिवलं तर धुतल्यावर आकसून वाकडं होईल अशी भीती वाटते. आत काय भरावं तेही सांगा. मैत्रीण म्हणते विकतची पॉलिस्टरची शीट घाल, पण इथल्या दमट हवेत ते मला पटत नाही. मशीन साधं पायाचं आहे.

जाणकारांनी सविस्तर लिहिलं तर फार बरं होईल.

सुईदोरा

ताई, मापं सरळ निम्मी करू नका. इथे बहुतेकांचं गणित चुकतं. साडेचार इंचांत चार इंच घराचे आहेत, उरलेला अर्धा इंच दोन्ही बाजूंच्या शिवणीत जातो, पाव पाव. साडेचारचं निम्मं सव्वादोन. त्यातून शिवणीचा अर्धा इंच गेला की घर उरेल पावणेदोन आणि ब्लॉक सहाऐवजी सव्वापाच इंचांचा होईल. आधी तयार घराचं माप निम्मं करा, म्हणजे दोन इंच. मग त्यात शिवणीचा अर्धा इंच मिळवा. म्हणजे कापायचं अडीच इंच. कुठलाही नमुना लहान-मोठा करताना असंच करायचं, शिवण नेहमी शेवटी मिळवायची.

त्रिकोणांना थोडं जास्त कापड लागतं, कारण तिरक्या बाजूलाही शिवण जाते. फिका आणि गडद असे दोन चौकोन दोन इंच सात सूत कापा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). सुलट बाजू समोरासमोर ठेवा, फिक्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीनं रेघ मारा आणि रेघेच्या दोन्ही अंगांना पाव पाव इंचावर टीप घाला. रेघेवर कापलं की दोन घरं तयार. मी स्वतः चौकोन पूर्ण तीन इंच घेते आणि शिवून, इस्त्री करून, मग अडीच इंचांवर छाटते. टू बाय टू आणि वॉयल उरेबात, म्हणजे तिरक्या बाजूनं, ताणलं जातं, छाटायला जागा असलेली बरी. इस्त्री फिरवायची नाही, वरून दाबायची. पाव इंच सगळीकडे सारखा पडावा म्हणून सुईपासून तेवढं अंतर मोजून मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला लावून चालवा.

एका चांदणीला तुम्हाला लागेल: गडद रंगाचा अडीच इंचांचा एक चौकोन, फिक्याचे तसे चार, आणि त्रिकोणांसाठी दोन्ही रंगांचे दोन-दोन. मुंढ्याच्या तुकड्यांतून हे निघायला हरकत नाही.

गुहागरची मावशी

माप बरोबर सांगितलंय. पण सहा इंचांच्या चांदण्यांनी ६० बाय ९० भरायचं तर १५० चांदण्या होतात. हौस पुरायची नाही बाळा, आणि पट्ट्या तशाच पडून राहतील.

माझं ऐक. सहा इंचांची चांदणी मध्ये ठेव आणि तिच्याभोवती पट्ट्यांचे फेरे घाल. पट्टी दीड इंच कापायची, शिवून ती एक इंच दिसते. एका फेऱ्यानं ब्लॉक दोन इंचांनी वाढतो, म्हणजे तीन फेऱ्यांत सहाचे बारा. आडवे पाच, उभे सात असे ३५ ब्लॉक केलेस की ६० बाय ८४ झालं. वर आणि खाली तीन-तीन इंचांची पट्टी जोड, पुरे ९०. एका ब्लॉकला शिवणीसकट ११४ इंच पट्टी लागते. ती एका रंगाची किंवा एका तुकड्याची असायची मुळीच गरज नाही. दोन आखूड पट्ट्या जोडून एक केलीस तरी चालते, जोड उलट आणखी शोभतो.

रंगांत एकच शिस्त पाळ: लागून असलेल्या दोन बाजूंना फिक्या पट्ट्या, उरलेल्या दोन बाजूंना गडद. लाल की निळा की हिरवा हे बघू नकोस, फिका की गडद तेवढंच बघ. शंका आली तर सगळे तुकडे जमिनीवर मांडून मोबाईलनं काळापांढरा फोटो काढ, लगेच कळतं. मग ब्लॉक फिरवून फिरवून मांडलेस की गडद बाजू एकमेकींना मिळून मोठे तिरके चौकोन दिसायला लागतात. मुलीची चांदणीही राहिली आणि सासूबाईंच्या पट्ट्याही लागल्या. मला तरी हे फार आवडेल.

मालवणकार

गो बाय, आधी सगळा कापड धुवन वाळवन ठेव. मिरग लागलो काय मगे काय्येक सुकाचा नाय.

सुईदोरा

मालवणकारांचं शंभर टक्के खरं. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, टेरिकॉट जवळपास आटत नाही. तुमची वाकडं होण्याची भीती तिथेच आहे. म्हणून शिवण्याआधी प्रत्येक सुती तुकडा पाण्यातून काढायचाच. बारीक तुकडे जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा, म्हणजे दोरे सुटून गुंता होत नाही. लाल, मरून आणि गडद निळं वेगळं भिजवा. ओल्या तुकड्यावर पांढरी चिंधी ठेवून इस्त्री दाबा. चिंधीला रंग लागला तर तो तुकडा परत धुवायचा. तरीही रंग सोडत राहिला तर तो या गोधडीत नको. एका लाल तुकड्यानं फिक्या पट्ट्या कायमच्या गुलाबी होतात.

खळ असलेल्या साड्यांची खळ पूर्ण जाऊ द्या. कोकणात खळीच्या कापडाला कसर लवकर लागते.

टेरिकॉट यात घालूच नका. सुतीला लागते तेवढी गरम इस्त्री त्याला सोसत नाही आणि अंगाला ते सुतीसारखं लागतही नाही. खणाच्या तुकड्यांना मागून जुन्या मलमलीचं अस्तर द्या आणि ते वरखालच्या पट्ट्यांत वापरा, ब्लॉकमध्ये नको. खण उसवतो, त्याची शिवण पाव इंचात टिकत नाही.

खाडीकाठ

मावशी, चांदणीभोवती पट्ट्या हे मला कधी सुचलं नसतं! सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, फिक्या रंगाला पांढरे गणवेशाचे तुकडे घे, त्यातले निम्मे पॉपलीनचे आहेत. आता पॉपलीन आणि टेरिकॉट ओळखायचं कसं? हाताला दोन्ही सारखीच लागतायत.

आणि भरण्याचं राहिलं. जुन्या सुती साड्या आहेत, आजेसासूबाईंचं एक लुगडंही आहे.

गुहागरची मावशी

एक दोरा काढून चिमट्यात धर आणि काडी लाव. खाली पाण्याची थाळी ठेव. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख पडते. टेरिकॉटचा दोरा वितळून आक्रसतो आणि मागे कडक मणी राहतो.

भरायला साड्याच. पिंजलेला कापूस आपल्या हवेत ओल धरतो आणि भिजल्यावर गोधडी उचलवत नाही. पॉलिस्टर सुकतं लवकर, पण आपल्या उकाड्यात अंगावर घेववत नाही. साडेपाच मीटरची साडी मधोमध काप, दोन्ही भाग कडेला कड लावून लांबीनं जोड, एक थर झाला. काठ आधी उतरवून घे, गोटाला होतील. दोन थर आत पुरेत, तिसरी साडी खालून. लुगडं लांब असतं, ते सगळ्यांत मऊही झालेलं असेल. ते खालच्या बाजूला घे, अंगाला तेच लागू दे.

थर मांडताना घाई नको. पावसात ब्लॉक शिव. हे थर मात्र दसऱ्यानंतर, उन्हात कडकडीत तापवून मांड. ओल आत राहिली तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत. आधी मोठा कच्चा टाका, मधून बाहेरच्या बाजूला. मग हातानं धावदोरा. पायाच्या मशीनवर एवढं मोठं धूड वळवत बसू नकोस, थर सरकतात.

कारवारकडची

उशिरा लिहितेय. अगदी बारीक तुकड्यांसाठी आमच्याकडची एक पद्धत सांगते. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी नावाची गोधडी करतात. त्यात ब्लॉक नाही, मापही नाही. खाली साडी अंथरायची आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची. तुकड्याची कड हातानंच आत दुमडायची आणि सगळ्या थरांतून धावदोरा घालत कडेकडेनं पुढे जायचं. पुढचा तुकडा आधीच्याच्या कडेवर चढवायचा. असं गोल गोल करत मध्यापर्यंत पोचायचं. वरचं जोडणं आणि टाके घालणं एकाच वेळी होतं. चारही कोपऱ्यांना दुमडून केलेले त्रिकोणी फुले लावतात, त्यांच्याशिवाय कवंदी पुरी मानत नाहीत.

चांदण्या आणि पट्ट्या कापून जे वेडंवाकडं उरेल, त्याचं असं बसकर करून बघा. कापड छाटावंच लागत नाही.

खाडीकाठ

हे तर सासूबाई स्वतः करू शकतील! मोठा टाका त्यांना अजून छान घालता येतो. मुंढ्याचे उरलेले तुकडे त्यांच्याकडेच देते. आंब्याचं काम आता उरकत आलंय, या आठवड्यात सगळं धुऊन अंगणात टाकते.

टेरिकॉटचं तेवढं सांगा कोणीतरी. गणवेशांचं खाकी आणि निळं मिळून एक गाठोडं भरेल.

सुईदोरा

त्याच्या बाजाराच्या पिशव्या करा. दीडऐवजी अडीच इंचांच्या पट्ट्या कापा, नुसत्या सरळ रांगेत जोडा, शिवण अर्धा इंच घ्या आणि इस्त्री मंद ठेवा. पावसात भिजली तरी तासाभरात सुकते. पट्टे मात्र चार पदरी करा आणि पिशवीच्या तळापर्यंत खाली नेऊन शिवा, नारळांच्या वजनानं तोंडाशीच उसवतात.