मदत हवी आहे: वजन ११८ किलो, किडनीत मोठा खडा, पाठीतून करावं की दुर्बिणीने?

मंडळी, डोकं चालेना म्हणून इथे विचारतोय. दादाला डाव्या किडनीत मुतखडा निघालाय, २.४ सेंमीचा. वजन ११८, उंची १७० सेंमी, म्हणजे बीएमआय चाळीसच्या वर. आम्ही आपलं धरून चाललो होतो की बाहेरून शॉकवेव्ह देऊन फोडतील आणि सुटलो, पण डॉक्टरांनी स्क्रीनवर सीटी उघडून कातडीपासून खड्यापर्यंत रेघ ओढली, १३ सेंमी! म्हणाले १० च्या वर गेलं की लाटांचा जोर तिथवर टिकत नाही, त्यात खडा मोठा, तेव्हा ते विसरा. दादा त्या रेघेकडे बघतच बसला, आजवर सगळे पोटावरून बोलायचे, पाठीकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

आता एक डॉक्टर म्हणतात पीसीएनएल करा, पाठीतून छिद्र पाडून, २ सेंमीच्या वर तेच बरं. दुसरे म्हणतात लघवीच्या वाटेने लवचिक दुर्बीण घालून लेझरने फोडू, त्या वाटेत चरबी आडवी येत नाही, पण एवढा खडा एका वेळी नाही निघाला तर परत यावं लागेल. दोघांचंही पटतं, हीच पंचाईत.

मला खरी धास्ती भुलीची आहे. रात्री तो घोरता घोरता मध्येच गप्प होतो आणि मग दचकून श्वास घेतो, आणि पीसीएनएलला पालथं झोपवतात म्हणे. आई म्हणते आधी वजन उतरव मग बघू. कुणाला अनुभव?

प्रतिसाद १
माझं वजन तेव्हा १२६ होतं, पाठीतूनच झालं. ते घोरण्याचं भूलतज्ज्ञांना आत्ताच सांगा, ऑपरेशनच्या सकाळी नको, मला आधी झोपेची टेस्ट करायला लावलेली. आणि पीसीएनएल उताणं झोपवूनही करतात, तुमच्या सर्जनला त्याची सवय आहे का विचारा. दुसरं म्हणजे लांब नळी आणि लांब दुर्बीण त्यांच्याकडे आहे ना, नेहमीची जाड माणसाला आखूड पडते. वजन उतरवायचं इंजेक्शन चालू असेल तर लपवू नका, त्याने पोट लवकर रिकामं होत नाही. वजनासाठी थांबायचं की नाही हे सर्जनच सांगतील, पण उपाशी राहून झटपट उतरवायच्या भानगडीत पडू नका, त्यानेच नवे खडे होतात. मधेच थंडी वाजून ताप आला तर मात्र थेट हॉस्पिटल गाठा.

प्रतिसाद २
खडा कसला आहे विचारलंत का? वजन जास्त असलं की लघवी आम्लधर्मी राहते आणि युरिक ॲसिडचे खडे जास्त होतात, ते कधीकधी औषधाने विरघळतात. सीटी रिपोर्टात एचयू आकडा (खडा किती घट्ट आहे त्याचं माप) बघा, युरिक ॲसिडचा शक्यतो ५०० च्या आत असतो.

धागाकर्ता
बघितला, ११८०. म्हणजे औषधाचं नावच नको. भूलतज्ज्ञांची वेळ घेतलीये मंगळवारची, उताणं झोपवायचं तिथेच विचारतो. आईला उपाशी राहण्याचं काय ते तुम्हीच येऊन सांगा, माझं ऐकत नाही.