टेक्सासात कर नाही, म्हणजे नक्की कोणाला नाही?

प्रेषक: डॅलसकर
विषय: स्टेट टॅक्स आणि स्थलांतर

नमस्कार मंडळी,

पाडव्याच्या जेवणात पुन्हा तोच विषय निघाला. न्यू जर्सीतली दोन कुटुंबं इकडे टेक्सासात यायचं म्हणताहेत आणि मला विचारताहेत, खरंच परवडतं का? माझा अनुभव सांगतो. न्यू जर्सीतलं एडिसन सोडून डॅलसला आल्यापासून राज्याचा आयकर शून्य. प्रॉपर्टी टॅक्स मात्र जबरी आहे, बिल आलं की पोटात गोळा येतो. तरी दोघांच्या पगाराचा हिशोब मांडला तर आम्ही फायद्यातच आहोत.

मला ही पद्धत सरळ वाटते. कमाईवर कर नाही, खर्चावर कर. गरीब असो नाहीतर श्रीमंत, दुकानात सगळ्यांना सेल्स टॅक्स ८.२५ टक्केच. यात कुणावर अन्याय आहे असं मला दिसत नाही.

ताई सध्या नाशिकला आहेत. पण लायब्ररीतल्या मोफत टॅक्स केंद्रावर त्यांनी इतकी वर्षं लोकांची रिटर्न भरून दिली आहेत, तर त्यांनी सांगावं माझं काही चुकतंय का.

---

प्रेषक: ताई (मुक्काम नाशिक)
विषय: उत्तर: स्टेट टॅक्स आणि स्थलांतर

डॅलसकरा,

तुझा स्वतःचा हिशोब बरोबर आहे. पण ८.२५ टक्के हा खर्चाचा टक्का झाला. मी विचारते, उत्पन्नाचा किती टक्का गेला?

आपल्या केंद्रावर येणाऱ्या कुटुंबांची उत्पन्नं तीस-पस्तीस हजार डॉलर असायची. असं कुटुंब टेक्सासात आहे असं धर. भाडं आणि धान्य-भाजी यांच्यावर सेल्स टॅक्स नाही, ते सोडून दे. उरलेली करपात्र खरेदी वर्षाला दहा हजारांची म्हटली तर कर झाला ८२५ डॉलर. तीस हजारांवर पावणेतीन टक्के. आता तीन लाख कमावणारं घर घे. त्यांनी चाळीस हजारांची करपात्र खरेदी केली तरी कर ३,३०० डॉलर, म्हणजे १.१ टक्का. त्यांची बाकीची कमाई शिल्लक राहते, गुंतवली जाते, आणि शिल्लक टाकलेल्या पैशाला सेल्स टॅक्स लागत नाही. ज्याच्या हातात पैसा आला तसा गेला, त्याच्या कमाईतल्या कितीतरी मोठ्या हिश्श्यावर दुकानदाराच्या गल्ल्यातून कर वसूल होतो.

आणि प्रॉपर्टी टॅक्स फक्त घरमालक भरतो हाही समज सोडून दे. भाडेकरू तो भाड्यातून भरतो. शिवाय टेक्सासात राहत्या घराला होमस्टेड सूट आहे आणि पासष्टी उलटली की प्रॉपर्टी टॅक्समधला शाळांसाठीचा कर गोठतो, म्हणजे वाढत नाही. तुला दोन्ही मिळेल. भाड्याच्या अपार्टमेंटला त्यातलं काहीच नाही. न्यू जर्सीत निदान अँकर या प्रॉपर्टी टॅक्स सवलतीच्या योजनेत भाडेकरूलाही थोडे पैसे परत मिळतात. ते फॉर्म भरून घेताना मी लोकांचे चेहरे पाहिलेत. आपण कधी प्रॉपर्टी टॅक्स भरलाय हेच त्यांना ठाऊक नसायचं.

इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी या संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये पन्नासही राज्यांचा हिशोब मांडला. राज्याचे आणि स्थानिक सगळे कर धरले, तर देशभरात तळातली २० टक्के कुटुंबं सरासरी उत्पन्नाच्या ११.३ टक्के भरतात आणि वरचा एक टक्का ७.२ टक्के. फ्लोरिडात, जिथे आयकर नाही, तळाला १३.२ आणि वरच्या एक टक्क्याला २.७. तुझं टेक्सासही त्याच पंगतीत बसतं. आयकर नाही म्हणून राज्याचा खर्च थांबत नाही ना. तो पैसा दुसऱ्या वाटेने, खालच्या माणसाकडून जास्त ओढला जातो.

हे सगळं आज इतक्या तळमळीने लिहितेय, कारण काल इथे एक कागद हातात आला.

बाबांकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई पंचवटीतून येतात. त्यांचे यजमान अंबडला एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहेत. घरकर्जासाठी फॉर्म भरायचा होता, म्हणून ताईंनी यजमानांच्या पगाराच्या स्लिपा आणल्या. पिवळट पातळ कागद, कडेला मशीनच्या तेलाचा अंगठा उमटलेला. एकूण पगार १४,५००. कपातीत पीएफ, ईएसआय आणि त्यांच्याखाली ‘पी. टी. २००’. ताईंनी मला विचारलं, हे दोनशे कशाचे?

व्यवसाय कर. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिना दहा हजारांच्या वर गेला की दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. तिथेच हा कर संपतो, कारण वर्षाला २,५०० ही मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या कलमातच आहे. म्हणजे १४,५०० वाला २,५०० भरतो आणि महिना दोन लाख घेणारा मॅनेजरही २,५००च भरतो. पहिल्याच्या वार्षिक पगाराचा जवळजवळ दीड टक्का, दुसऱ्याचा एक दशांश टक्का. बायकांना २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत माफी आहे, ते फार चांगलं झालं. पण ठेकेदाराकडे राबणाऱ्या पुरुषाला ती नाही.

मला याचं जास्त वाईट वाटतं, कारण हा कर ज्या कामासाठी १९७५ साली आला ते काम मोठं होतं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीला पैसा हवा होता. शहरातल्या नोकरदाराने दुष्काळी गावातल्या मजुराला हात द्यायचा, असा तो विचार. आज अंबडच्या कंत्राटी कामगाराकडे पाहिलं तर हात देणारा कोण आणि घेणारा कोण, हे वेगळं करता येत नाही.

मग मी आणि बाबा पेट्रोलचा हिशोब करायला बसलो. पेट्रोल जीएसटीत नाही, राज्याचा व्हॅट २५ टक्के आणि वर लिटरला ५ रुपये १२ पैसे. मिळून लिटरमागे साधारण पंचवीस रुपये राज्याचे. ताईंचे यजमान पंचवटी ते अंबड रोज मोटरसायकलवर जातात, महिन्याला पंधरा लिटर लागतं. वर्षाचे ४,५०० रुपये, म्हणजे पगाराच्या अडीच टक्क्यांहून जास्त. दोन लाख पगारवाल्याने मोटारीत महिन्याला साठ लिटर टाकलं तरी पाऊण टक्का. आणि यजमानांना पेट्रोल वाचवता येत नाही. रात्रपाळी सुटते तेव्हा बस मिळत नाही.

---

प्रेषक: शिकागोकर
विषय: उत्तर: उत्तर: स्टेट टॅक्स आणि स्थलांतर

ताई, तुमचं नेहमी वाचतो, पण या वेळी थोडा विरोध नोंदवतो.

टक्के कमी असले तरी पैसे कोण जास्त देतं? तुमच्याच उदाहरणात मोठं घर ३,३०० देतं आणि लहान घर ८२५. शाळा, रस्ते, पोलीस दोघांनाही सारखे. उलट लहान उत्पन्नाच्या घराला मेडिकेड (उपचारांसाठी सरकारी मदत), फूड स्टँप (धान्यासाठी मदत) मिळतात, ते तुम्ही दिलेल्या संस्थेच्या आकड्यांत दिसत नाहीत. आमच्या इलिनॉयमध्ये सगळ्यांना सरसकट ४.९५ टक्के आयकर आहे. २०२० साली तो चढत्या दराचा करावा म्हणून मतदान झालं, लोकांनी नाकारलं. मीही विरोधात मत दिलं आणि आजही तेच देईन. श्रीमंतांवर दर चढवला की ते निघून जातात, मग भार पुन्हा मध्यमवर्गावर येतो. आपले डॅलसकर गेलेच की.

राज्याने धान्य-किराण्यावरचा एक टक्का कर १ जानेवारी २०२६ पासून काढला, हे मात्र चांगलं केलं. पण कित्येक गावांनी लगेच तेवढाच आपला लावला. शेवटी पैसा कुठून तरी आणावाच लागतो.

---

प्रेषक: ताई (मुक्काम नाशिक)
विषय: उत्तर: स्टेट टॅक्स आणि स्थलांतर

काका,

मेडिकेडचा मुद्दा मान्य. त्या आकड्यांत फक्त कर आहेत, परत काय मिळतं ते नाही, आणि केंद्र सरकारचा आयकर चढत्या दराचा आहे हेही खरं. पण म्हणूनच मला हे खटकतं. एका हाताने वॉशिंग्टन जे सावरतं, ते दुसऱ्या हाताने राज्यं मोडतात.

श्रीमंत निघून जातात या भीतीबद्दल मॅसॅच्युसेट्सकडे पाहा. २०२३ पासून तिथे दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर चार टक्के जादा कर आहे, शिक्षण आणि वाहतुकीसाठी. वसुली अंदाजापेक्षा जास्त झाली. काही जण गेले असतील, पण तिजोरी रिकामी झाली नाही. आणि आपल्या मंडळात सॉल्टच्या, म्हणजे केंद्राच्या आयकरातून राज्याचे आणि स्थानिक कर वजा करण्याच्या, दहा हजारांच्या मर्यादेवर २०१८ पासून किती मेल झाल्या आठवा. २०२५ मध्ये ती चाळीस हजार झाली तेव्हा आपण आनंद साजरा केला. ती वजावट आयटमाइझ करणाऱ्यालाच, म्हणजे ठरलेली सरसकट वजावट न घेता एकेक खर्च दाखवणाऱ्यालाच मिळते. माझ्या केंद्रावरच्या लोकांपैकी एकाच्याही रिटर्नमध्ये ती मी भरलेली नाही. आपण ज्या करावर सात वर्षं बोललो, तो आपला होता. त्यांच्या करावर आपल्या या मेलिंग लिस्टवर एक ओळ नव्हती.

पैसे जास्त कोण देतं, यावर बाबांकडून एक गोष्ट ऐकली ती सांगते. बाबांचं रविवार कारंजाजवळ किराणा दुकान होतं. तेव्हा शहरात येणाऱ्या मालावर जकात होती. ट्रक नाक्यावर थांबायचा, पावती फाटायची, आणि बाबा ती पावती दुकानात खिळ्याला टोचून ठेवायचे. संध्याकाळी साखरेच्या पोत्यावर किती जकात बसली ते काढून किलोवर पसरायचे. बाबा काल म्हणाले, “पावती माझ्या नावाची असायची, पण माझ्या खिशातून जकात एकदाही गेली नाही. अर्धा पाव साखर नेणारीने ती भरली.” २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांची ती गेली, २०१७ पासून जीएसटी. आता सिंहस्थाची कामं चालू आहेत, निम्मं शहर खणलेलं आहे, आणि महापालिका मोठ्या प्रमाणात, ते कर गेल्याबद्दल राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईवर चालते. नाव बदललं तरी अर्धा पाव साखर घेणारी आहेच. काका, म्हणून मला ‘३,३०० भरणारा’ आणि ‘८२५ भरणारा’ ही वाटणी पुरेशी वाटत नाही. ज्याच्या नावावर पावती त्याच्याच खिशातून पैसे गेले, असं नसतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल यांच्यावरचा जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. त्याचा फरक पोळ्यांच्या ताईंना कळला, त्यांनी आपणहून सांगितलं. सगळे कर वाईट असं मी म्हणत नाही. कुठल्या वस्तूवर, कुठल्या मर्यादेवर, एवढं बदललं तरी घरात कळतं.

आणखी एक, वाचायला कंटाळला असाल तरी. दस्त नोंदणीची फी महाराष्ट्रात एक टक्का, पण जास्तीत जास्त तीस हजार. तीस लाखांच्या फ्लॅटला तीस हजार आणि गंगापूर रोडच्या तीन कोटींच्या बंगल्यालाही तीस हजार. व्यवसाय कराचीच ही दुसरी आवृत्ती. वरची मर्यादा कुणासाठी असते ते लक्षात येईल.

---

प्रेषक: डॅलसकर
विषय: उत्तर: स्टेट टॅक्स आणि स्थलांतर

ताई, काल रात्री बायकोबरोबर बसून आमचे वर्षाचे सगळे आकडे काढले. प्रॉपर्टी टॅक्स, सेल्स टॅक्स, गाडीची नोंदणी. आमच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आसपास जातात. एडिसनला दहाच्या वर जात होते. मग आमच्याकडे सफाईला येणाऱ्या बाईंचा अंदाज मांडला. त्या इथे जवळच आर्व्हिंगला भाड्याने राहतात. भाड्यातला प्रॉपर्टी टॅक्स धरला तर त्यांचे आमच्या दुप्पट टक्के होतात. एडिसन सोडून आमचं जे वाचलं त्यातलं काही त्यांच्याकडून येतं, हे मला आजवर सुचलं नव्हतं.

पोळ्यांच्या ताईंच्या कर्जाचं काय झालं?

---

प्रेषक: ताई (मुक्काम नाशिक)
विषय: उत्तर: स्टेट टॅक्स आणि स्थलांतर

फॉर्म अडलाय. पंचवटीतल्या त्यांच्या सासऱ्यांच्या खोलीची घरपट्टी थकलेली निघाली आणि थकबाकी नसल्याचा दाखला हवा. जुनं बिल २,४०० रुपयांचं. कायद्याने थकलेल्या घरपट्टीवर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. तेवीस महिने झाले, म्हणजे शास्तीच १,१०४ रुपये. सासरे आजारी होते, तेव्हा औषधं आणली आणि बिल कपाटावर राहिलं.

याच आठवड्यात बाबांची घरपट्टी मी फोनवरून भरली. एप्रिलमध्ये आगाऊ भरली म्हणून सवलत मिळाली. चहा निवायच्या आत काम झालं.

उद्या सकाळी दहाला त्यांच्याबरोबर भरणा केंद्रावर जातेय. बाबाही येतो म्हणताहेत, ऊन चढायच्या आत रिक्षाने नेईन. बिलावरचे आकडे त्यांना स्वतः तपासायचे आहेत.