सीवूड्सच्या पाणथळीवर इमारती: पर्यावरण तपासणी नेमकी कशाची करायची?

करावेकाठ:
नवी मुंबईत सीवूड्सच्या एनआरआय संकुलालगत आणि टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागे असलेल्या पाणथळींवर गोल्फ कोर्स व निवासी इमारती उभारण्याच्या योजनेचा वाद दहा वर्षांहून अधिक काळ चालू आहे. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने योजनेविरुद्ध निकाल दिला आणि पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. माझा मुद्दा न्यायालयाचा नसून अशा जागेच्या तपासणीचा आहे.

ओहोटीला ठाणे खाडीतला चिखल उघडा पडतो आणि रोहित पक्षी (फ्लेमिंगो) त्यावर चरतात. भरतीला तो बुडाला की थवे टेकायला या आतल्या पाणथळींकडे येतात. मार्चमधल्या उधाणाच्या दिवशी इथे उथळ पाण्यात एका पायावर उभे राहून, मान पिसांत खुपसून झोपलेले रोहित दाटीने दिसतात. त्याच जागी ओहोटीला गेलात, तर शेवाळलेला चिखल, दोन-चार शेकाट्या आणि एखादे भटके कुत्रे एवढेच आढळते. पाहणी करणारा ऑगस्टमध्ये, तेही ओहोटीला, येऊन गेला तर पक्षी नाहीत ही त्याची नोंद खरी असेल, पण तिच्यावर बेतलेला निष्कर्ष साफ चुकेल.

नेरूळ सेक्टरवाला:
पक्ष्यांबद्दल मलाही आस्था आहे, पण थोडा इतिहासही पाहावा. नवी मुंबईचा बराचसा भाग खाजणांवर, म्हणजे भरतीचे खारे पाणी येणाऱ्या जमिनींवर, आणि भातशेतीवर भराव टाकूनच उभा राहिला. तुमची-माझी इमारतही त्यातलीच असावी. आपण घरात शिरल्यावर दार लावून घ्यायचे आणि बाहेरच्याला पर्यावरण शिकवायचे, हे मला पटत नाही. शिवाय पाणथळ नियम, २०१७ नुसार किनारा नियमन क्षेत्रातल्या जागा त्या नियमांच्या कक्षेबाहेर आहेत. कायद्याने रामसर क्षेत्राची, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीची, हद्द आखली आहे आणि ही जागा त्या हद्दीत नाही. प्रत्येक डबक्याला अभयारण्याचा दर्जा द्यायचा असेल, तर घरांचे भाव कुठे जातील?

करावेकाठ:
हद्दीचा मुद्दा मान्य आहे, पण तो माझ्याच बाजूचा आहे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. ज्या पक्ष्यांमुळे तो मिळाला, ते भरतीच्या तासांत हद्दीबाहेर असतात. भूखंडाच्या कुंपणाआत काय आहे एवढेच मोजणाऱ्या पर्यावरण अहवालात खाडी आणि तळे यांच्यातली ही रोजची ये-जा कुठेच उमटत नाही. नियमांतली पाणथळीची व्याख्याही नैसर्गिक आणि कृत्रिम असा भेद करत नाही, त्यामुळे ही तळी माणसानेच केली या युक्तिवादात फारसा दम नाही.

जुना ओव्हरसियर:
तुम्ही दोघेही पाण्याला विसरलात. या शहराचा बराच भाग उधाणाच्या पातळीखाली असल्याने इथे धारण तलावांची योजना आहे. भरतीला झडपा मिटतात, पावसाचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटीला खाडीत जाते. मोठा पाऊस आणि उधाण एकाच वेळी आले म्हणजे काय होते, हे २६ जुलै २००५ नंतर कुणाला सांगायला नको. खाडीकाठच्या उघड्या खोलगट जागाही त्या वेळी पाणी धरून ठेवतात. त्यामुळे भराव टाकला तर अडलेले पाणी कोणत्या सेक्टरमध्ये शिरेल, हा प्रश्न मी अहवालात सर्वांत आधी शोधेन. स्वतःच्या भूखंडावरच्या पर्जन्यवाहिन्यांचा व्यास छापून त्याचे उत्तर मिळत नाही.

आगरी पोर:
आमच्या आजोबांची जमीन शहरासाठी गेली. त्या जमिनीच्या मोबदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी आमच्या घरातल्यांनी अर्धे आयुष्य कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. तेव्हा आमच्या खाजणातल्या निवट्या आणि जिताडे हे मासे मोजायला कुणी आले नव्हते, त्यामुळे आजचा हा पक्षीप्रेमाचा उमाळा आम्हाला उशिराचा वाटतो. पण म्हणून मी इमारतींच्या बाजूने आहे असे समजू नका, कारण गोल्फ कोर्सच्या शेजारी निघणारे फ्लॅट प्रकल्पग्रस्ताला परवडणारे नसतात. नेरूळ सेक्टरवाल्यांनी घरांच्या भावाची चिंता आमच्या नावाने करू नये.

नेरूळ सेक्टरवाला:
ही टीका मला लागली आणि ती रास्तही आहे. तरी प्रक्रियेवर माझा विश्वास आहे. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेनुसार वीस हजार चौरस मीटरपासून पुढच्या बांधकामाला राज्य पातळीवर पर्यावरण मंजुरी लागते. तज्ज्ञ समिती अहवाल तपासते आणि अटी घालते.

करावेकाठ:
त्याच अधिसूचनेने बांधकाम आणि टाउनशिप प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले आहे. म्हणजे ओव्हरसियर साहेबांचा पाण्याचा प्रश्न आणि आगरी पोराचा निवट्यांचा प्रश्न समितीसमोर मांडायला हक्काची सुनावणीच नाही, आणि विकासकाने नेमलेल्या सल्लागाराने जे मोजले तेवढेच समितीला दिसते. माझी मागणी मोठी नाही. पक्ष्यांची गणना नोव्हेंबर ते मे या काळात आणि उधाणाच्या तासांत व्हावी आणि तिच्या तारखा व वेळा अहवालात छापाव्यात, म्हणजे भरती-ओहोटीचे कोष्टक शेजारी ठेवून कुणालाही त्या पडताळता येतील.

जुना ओव्हरसियर:
त्यात जुलैमधल्या उधाणाच्या एका दिवसाची पाण्याची पातळीही जोडा. पट्टी घेऊन मी येतो.